मालिशनंतर फुगणारे तपकिरी डाग

आजच्या ओपीडीत पुन्हा तेच दिसलं. बाळाच्या पाठीवर तपकिरी डाग, मालिश आणि कढत पाण्याची आंघोळ झाली की लाल होऊन फुगणारे. घरच्यांना वाटलेलं, डास चावले. पण डास चावल्याची गाठ काही दिवसांत बसते, हे डाग महिनोन्‌महिने तिथेच राहतात.

हा त्वचेचा मॅस्टोसायटोसिस. मास्ट पेशी (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या पेशी) त्वचेत जास्त साठतात आणि घर्षण, उष्णता किंवा ताप आला की हिस्टामिन, म्हणजे खाज, लाली आणि सूज आणणारं रसायन, सोडतात. कारण बहुतेकदा त्या पेशींतल्या किट जनुकातला बदल. संसर्गजन्य नाही, आणि आईच्या गरोदरपणातल्या खाण्याशी याचा काडीचाही संबंध नाही. आयांनो, कुणी बोललं तरी मनाला लावून घेऊ नका.

तपासताना डॉक्टर डागावर लाकडी पट्टी साधारण पाच वेळा घासतात. काही मिनिटांत तो फुगला तर निदान जवळपास पक्कं. मोठ्या गाठीवर मात्र हे करू नये, रक्तदाब उतरू शकतो. घरी तर कुठलाच डाग चोळून बघू नका.

पाणी कोमट ठेवा, अंग टिपून घ्या, शेक-शेगडी बंद. खाज असेल तर डॉक्टरांनी वजनावरून ठरवलेलं सेटिरिझिन, हे ॲलर्जीचं औषध. कोडीनचं खोकल्याचं औषध नको. आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय नको. लस चुकवू नका, फक्त आधी कल्पना द्या. अंगभर फोड, वारंवार लाली किंवा जुलाब असतील तर रक्तातलं ट्रिप्टेज, म्हणजे मास्ट पेशींतून येणारं एक द्रव्य, तपासावं लागतं. बाळ निपचित पडलं किंवा धाप लागली तर थेट इमर्जन्सी गाठा.

बहुतेक मुलांत वयात येईपर्यंत डाग फिकट होतात किंवा जातात.