किती, कुणाला आणि कुठवर

बुधवार, रात्री. विश्रामबाग, सांगली.

पावसाळा लागला की आमच्या नात्यातल्या ग्रुपवर औषधपाण्याचे सल्ले सुरू होतात. ताप, जुलाब, खोकला, सांधेदुखी, सगळ्यावर काही ना काही. पाठवणारे आपलेच असतात, काळजीपोटीच पाठवतात. म्हणूनच ते नाकारणं जड जातं. सल्ला कुणी दिला हे मी आता बघत नाही. किती द्यायचं, कुणाला द्यायचं आणि कुठवर घरी थांबायचं, एवढं त्यात आहे का, ते बघते. ‘रामबाण’ म्हणणारा यातलं काहीच सांगत नाही. जाणकार माणूस मात्र हटकून सांगतो, की इथवर घरी बघा, पुढं थांबू नका.

धाकट्या जावेच्या लेकाला जुलाब लागले तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, “ते डब्यातलं फळांचं गोड पाणी पाज गं, ओआरएस म्हणजे तेच ते असतं.” तेच ते नसतं. ओआरएसच्या मोठ्या पुडीत २०.५ ग्रॅम पावडर असते. त्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, बाकी पोटॅशियम क्लोराईड आणि सायट्रेट, आणि हे सगळं एक लिटर पाण्यासाठी. आतड्यातून ग्लुकोज आत जाताना मिठातलं सोडियम बरोबर नेतं आणि त्यांच्यामागं पाणी जातं, म्हणून हे प्रमाण. साखर जास्त झाली तर उलट पाणीच आतड्यात सुटतं आणि जुलाब वाढतात. अशा गोड पेयांच्या नावात ‘ओआरएस’ लिहायला अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ते फार बरं झालं. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्यासाठी कित्येक वर्षं झगडत होत्या.

या साध्या पुडीबद्दल मला मनापासून आदर आहे. १९७१ साली, बांगलादेश युद्धाच्या वेळी, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्यानं माणसं पटापट जात होती, सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्याच हाती दिलं. ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. आपलंच माणूस उशाशी बसून पाजतंय, याहून मोठा घरगुती उपाय कोणता?

पण तो मापात हवा. आमच्याकडं पुडी तांब्यात ओतायची पद्धत होती. आमचा तांब्या लिटरभराचा नाही, पाऊण लिटरच्या आतबाहेर आहे. जावेनं पाण्याची लिटरची बाटली घेतली, उकळून गार केलेलं पाणी गळ्याच्या खुणेपर्यंत भरलं आणि मग पातेल्यात पुडी ढवळली. लहान पुडी २०० मिलिलिटरचीही मिळते, म्हणून मागचं छापील वाचायचंच. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. दोन वर्षांच्या पुढच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर अर्धा ते एक कप, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, पण अजून सावकाश. झिंकची गोळी डॉक्टरांनी १४ दिवस दिलीय, जुलाब थांबले तरी चालूच ठेवायची. मऊ भात, ताक बंद करायचं नाही. आणि पोरगं मलूल पडलं, डोळे खोल गेले, लघवी होईना, शौचात रक्त दिसलं किंवा पाणीही पोटात ठरेना, तर थेट दवाखाना.

तासगावच्या मामांचं प्रकरण याहून अवघड. त्यांनी हळद-मेथीचा काढा सुरू केला आणि साखरेची गोळी बंद केली. हळदीबद्दल सांगलीकरानं वाकडं बोलावं असं काही नाही. २०१८ मध्ये आपल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि घसा धरला की हळद-दूध मीही घेते, बरं वाटतं. पण त्या भरवशावर गोळी सोडायची नाही. मी विचारलं, “मामा, साखर तपासली का हो?” तर म्हणाले, “अगं, बरं वाटतंय की मला.” साखर चढली तरी कित्येकदा काही जाणवतच नाही, हीच तर या दुखण्याची खोड आहे. शेवटी मामींनी त्यांना तपासणीला नेलं. आकडा डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर गोळी पुन्हा सुरू झाली. काढाही चालू आहे, पण डॉक्टरांना सांगून.

गोळ्यांच्या पाकिटावरचं बारीक अक्षर घरात कुणीतरी वाचायला हवं. दिरांना ताप होता. एक तापाची गोळी, दुसरी सर्दीची. मोबाईलच्या उजेडात दोन्ही पाकिटं पालथी केली तर दोन्हींत पॅरासिटामॉल. धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसाला ४ ग्रॅमच्या वर ते जाता कामा नये, नाहीतर यकृताला धोका. अँटिबायोटिकच्या पाकिटावर लाल रेघ असते, म्हणजे चिठ्ठीशिवाय नाही. मागच्या वेळची उरलेली घ्यायची तर अजिबात नाही.

मिरजेला १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी दवाखाना उभा केला, तेव्हापासून कर्नाटकातून माणसं इकडं उपचाराला येतात. आणि आपण इथं राहून फोनवरच्या निनावी निरोपाला विचारतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. आशाताई गल्लीत येतात, त्यांना विचारावं. शासनाच्या ई-संजीवनीवर डॉक्टर फोनवर बोलतात, पैसे लागत नाहीत. सल्ल्यासाठी १०४, रुग्णवाहिकेसाठी १०८. हे दोन्ही नंबर आज सासूबाईंच्या फोनमध्ये घातले, ‘विचारायला’ आणि ‘गाडी’ अशा नावांनी. नावं त्यांनीच सांगितली. १०४ एकदा स्वतः लावून आपल्या गुडघ्याचं विचारायचं म्हणतात. उद्या जेवणं उरकली की बसू दोघी.