पाण्याने ढकललेला रंग

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मला क्रॉसलिंक केलेलं, म्हणजे साखळ्या एकमेकींना जोडून जाळं बनवलेलं, पीव्हीपी (पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन हा पॉलिमर) मिळालं होतं. पांढरी बारीक पावडर, पाण्यात विरघळत नाही, नुसती फुगते. सोबत मिथाइल ऑरेंज हा रंग, तेच आपलं बारावीच्या टायट्रेशनवालं. रंगाच्या पाण्यात पावडर टाकायची, रात्रभर शेकरवर ठेवायची, सकाळी सेंट्रिफ्यूज करून वरच्या पाण्यात किती रंग उरला ते स्पेक्ट्रोवर (प्रकाश किती शोषला जातो त्यावरून रंग मोजणारं यंत्र) बघायचं, एवढंच काम.

पण हा रंग चिकटतोच कसा हे मला कळेना, कारण रंगावर सल्फोनेट गटाचा ऋणभार आणि पीव्हीपीवर तर भारच नाही, आणि आम्हाला शिकवलेलं काय तर प्लस-मायनस जुळलं की चिकटतं.

मग एथाइल ऑरेंज घेतलं आणि बुटाइल ऑरेंज लॅबमध्येच बनवलं, सल्फानिलिक ॲसिड डायझो करून डायब्युटाइल ॲनिलीनशी जोडून. भार तोच, अझोचा (दोन नायट्रोजननी जोडलेला) सांगाडा तोच, फक्त टोकाच्या नायट्रोजनवर दोन मिथाइलच्या जागी एथाइलमध्ये दोन-दोन आणि बुटाइलमध्ये चार-चार कार्बनच्या दोन शेपट्या. सकाळी ट्यूबा ओळीने लावल्या तर मिथाइलचं पाणी अजून चांगलंच रंगीत, एथाइलचं जरा फिकं, आणि बुटाइलचं जवळजवळ कोरं, तळाची पावडर मात्र झेंडूसारखी केशरी! ती ओळ अजून डोळ्यासमोर आहे.

नंतर वाचलं की जपानमध्ये ताकागिशी आणि कुरोकी यांनी १९७० च्या दशकात ही मिथाइल ते बुटाइल मालिका पीव्हीपीवर नीट मोजलेली आहे, क्रम हाच.

कारण पाण्यात आहे. तेलकट शेपटीभोवती पाण्याच्या रेणूंना जखडून, ठरावीक मांडणीत राहावं लागतं. शेपटी पॉलिमरच्या कार्बनवाल्या भागाला टेकली की त्यातले बरेच रेणू मोकळे होतात, एन्ट्रॉपी, म्हणजे रेणूंची मोकळीक, वाढते. त्यामुळे पॉलिमरने रंग ओढला म्हणण्यापेक्षा पाण्याने त्याला तिकडे ढकललं म्हणणं मला जास्त पटतं. अर्थात पीव्हीपीच्या अमाइड गटाचाही (ऑक्सिजन-नायट्रोजनवाला भाग) हात असतो, सगळं श्रेय शेपटीला नाही. आणि क्रॉसलिंक फार घट्ट झाले तर जाळं फुगतच नाही, मग शेपटी कितीही लांब असली तरी रंग आत शिरणार कुठून?

शेवटी त्या केशरी पावडरवर मी अल्कोहोल ओतलं. अल्कोहोलला शेपटीची अडचण नाही, त्यामुळे ढकलणारं कोणी उरलं नाही, आणि ट्यूब हलवता हलवता रंग परत वर यायला लागला.