अंगठा घेतला म्हणजे परवानगी मिळाली का?

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या वर्षाला प्रबंधासाठी मी नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या धडगाव तालुक्यातल्या एका आदिवासी पाड्यावर गेले होते. मे महिना, अंगणात बायका आमचूरसाठी कैऱ्या सोलत होत्या, फोडी खाटेवर वाळत घातलेल्या, आणि मी मधेच बसून प्रश्नावली भरून घेत होते. माझी भाषा अहिराणी, त्यांची पावरी, त्यामुळे आश्रमशाळेत शिकलेला एक मुलगा मधे बसून सांगायचा. सोळा नंबरचा प्रश्न होता, घरात कोणाला व्यसन आहे का. त्याने तो सांगितला आणि आजीचे हात थांबले. ती काहीतरी बोलली, मुलगा खाली बघत म्हणाला, ताई, ती विचारतेय की देवाला मोहाच्या दारूची धार देतो ते पण यात लिहिणार का? मग आजी स्वतःच म्हणाली, आधी पण लोक आले, अंगठे घेतले, लिहून नेलं, त्याचं पुढे काय झालं ते कोणी सांगायला आलं नाही.

माझ्या बॅगेत तेव्हा अकरा संमतीपत्रं होती, सगळ्यांवर अंगठे, आणि कॉलेजच्या हिशोबाने माझं काम एकदम बरोबर होतं.

त्याआधी डिसेंबरमध्ये गेले होते तेव्हा निम्म्या घरांना कुलूप होतं कारण दिवाळीनंतर लोक ऊसतोडीला गुजरातकडे जातात आणि होळीला परततात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण फील्डवर्कचं वेळापत्रक ठरवताना कोणाच्या डोक्यात नव्हतं. मग म्हातारे आणि लहान पोरं यांनाच विचारून त्याला "गावाचं मत" म्हणायचं? मला हे चुकीचं वाटतं, आजही वाटतं.

अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमध्ये हवासुपाई नावाचे आदिवासी राहतात. १९९० पासून तिथल्या एका विद्यापीठाने त्यांचं रक्त घेतलं, लोकांना वाटलं मधुमेहासाठी, कारण तो आजार त्यांच्यात फार होता. नंतर कळलं की तेच रक्त स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या आणि त्यांचे पूर्वज कुठून आले याच्या अभ्यासालाही वापरलं. कोर्टात गेले, २०१० मध्ये तडजोड झाली, ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर मिळाले आणि उरलेले नमुनेही परत दिले. हे वाचताना मला आपला सातपुडाच आठवत होता, इथेही सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीसाठी रक्त घेतात, ते घ्यायलाच पाहिजे, पण ज्या पोरीचा रिपोर्ट गावभर झाला तिच्या लग्नाचं काय, हे आधी पाड्याशी बसून बोलायला नको का?

आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा आहे, वनहक्क कायदा २००६ चा, दोन्हीत ग्रामसभेला मान आहे. जंगलाचं ग्रामसभेला विचारायचं आणि माणसांबद्दल लिहायचं तर फक्त सरपंचाला फोन करायचा? अर्थात ग्रामसभा हो म्हणाली म्हणून घरातल्या सुनेने उत्तर दिलंच पाहिजे असंही नाही, आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थेच्या २०१७ च्या नियमांतही पुढाऱ्यांची परवानगी माणसाच्या स्वतःच्या संमतीची जागा घेत नाही. दोन्ही लागतात. वेळ जातो, जाऊ दे.

मी सोळावा प्रश्न काढला. पुढच्या होळीनंतर, ऊसतोडीवरून सगळे आले तेव्हा, जे लिहिलं ते घेऊन परत गेले, पाड्याच्या कारभाऱ्यांच्या अंगणात त्या मुलाने एकेक भाग पावरीत सांगितला, दोन तास गेले. लोकांनी तीन ठिकाणी दुरुस्ती केली. एका घरच्या भांडणाचा उल्लेख होता, नाव नव्हतं तरी सगळ्यांना कळत होतं कोणाचं, तो आजीने काढायला लावला. गाईडनी विचारलं पान कमी का झालं, मी सांगितलं पाड्याने नाही म्हटलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग सही केली.

एक प्रत कारभाऱ्यांकडे दिली. त्यांनी ती पत्र्याच्या पेटीत वनदाव्याच्या कागदांखाली ठेवली.