उशिरा परतलेल्या नराची साद

झेब्रा फिंच या चिमुकल्या गायक पक्ष्यांच्या जोड्यांचे आवाज मुद्रित करणे आणि त्यांच्या चोचींचा रंग मोजणे, हे प्रयोगशाळेतील माझे रोजचे काम. त्या दिवशी मी एका जोडीतील नर मोजणीसाठी घेतला, तेव्हा त्यांच्या घरट्यात अंडी होती. या जातीत नर आणि मादी दिवसभर आळीपाळीने अंडी उबवतात, म्हणून पाळी बदलायच्या आत नराला परत सोडण्याचा माझा कटाक्ष असतो. मात्र त्या दिवशी मोजणीआधी उपकरण पांढऱ्या नमुन्यावर ताडून घ्यायचे माझ्याकडून राहिले, सगळे आकडे बाद झाले आणि पुन्हा मोजेपर्यंत जवळजवळ तास उलटला. मादी तेवढा सगळा वेळ अंड्यांवर बसून होती.

नराची चोच मला पूर्वीइतकीच तांबडी वाटली होती. उपकरणाने मात्र ती पंधरवड्यापूर्वीपेक्षा फिकट दाखवली. अन्नातील कॅरोटिनॉइड या पिवळ्या रंगद्रव्यापासून पक्ष्याचे शरीर हा लाल रंग तयार करते, त्यामुळे आहार बिघडला किंवा आजार झाला, तर चोचीची लाली काही आठवड्यांतच उतरते. पिसांचा रंग मात्र ती झडून नवी येईपर्यंत फारसा बदलत नाही. पक्ष्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी चार प्रकारच्या असतात, आपल्या डोळ्यांत तीनच. जो फरक माझ्या नजरेतून सुटला, तो मादीच्या नजरेतून सुटला नसावा, असे मला वाटते.

नराला सोडून मी घरट्यातील मायक्रोफोनचा आवाज ऐकू लागलो. या जातीत गाणे फक्त नर गातो आणि अभ्यासकांचे लक्षही बहुतेक त्या गाण्याकडेच असते. पण जोडीचा खरा संवाद, माझ्या मते, घरट्यातील हलक्या सादांमध्ये असतो. एरवी नर परतला की दोघे एकमेकांच्या सादेमधील फट साधत सावकाश बोलतात, इतक्या हळू की पिंजऱ्यापासून चार पावलांवर काही ऐकू येत नाही. त्या दिवशी मात्र सादांमागून सादा अतिशय वेगाने आल्या आणि सारे बोलणे नेहमीच्या मानाने फार लवकर आटोपले. पडद्यावरील ध्वनिलेखात एरवी सुट्या दिसणाऱ्या काळ्या खुणा एकमेकींना खेटून उमटल्या होत्या. मुद्दाम उशीर करवलेल्या नरांच्या बाबतीत संशोधकांनी हेच नोंदवले आहे, हे मी वाचले होते. तरीही माझ्या चुकीचा तास त्या खुणांच्या दाटीत पाहताना मला फार अपराधी वाटले.

मादी घरट्यातून उडाली ती थेट दाण्यांवर गेली, मग पाण्यावर, आणि नेहमीपेक्षा बऱ्याच उशिरा परतली. तोवर नर अंड्यांवरून हलला नव्हता.