मंथलीत ऊन, लुक्ल्यात ढग

मे महिन्यात धरमपेठेतल्या आमच्या ट्रेकिंग ऑफिसात दोनच आवाज असतात, कूलरचा आणि फोनचा. बाहेर ४५ अंश, आणि हवामान खराब म्हणून विमान उडालं नाही, असं मी फोनवर सांगत असते. नागपुरात बसून हे कोणाला पटावं?

आमचा एव्हरेस्ट बेस कॅम्पचा गट नेपाळात, रामेछापच्या मंथली विमानतळावर अडकला होता. चालायला सुरुवात होते ती लुक्ल्याहून, आणि गर्दीच्या हंगामात लुक्ल्याची बहुतेक विमानं काठमांडूऐवजी तिथून सुटतात. म्हणजे मध्यरात्री निघायचं, चार-पाच तास गाडीत आंबायचं आणि मग वाट बघायची. गटातले एक बँकवाले काका तिथून सारखे फोन करत होते. "मॅडम, इथं तर मस्त ऊन तापून राहिलं. काहून उडवत नाही हे लोक?"

मंथलीतल्या उन्हाला काडीचा अर्थ नाही. लुक्ल्याची धावपट्टी ५२७ मीटरची, चढाची. वरच्या टोकाला डोंगर, खालच्या टोकाला दरी. पायलटला ती डोळ्यांनी दिसली तरच उतरता येतं. दुपारकडे वारा-ढग वाढतात, म्हणून जे उडायचं ते सकाळी. त्यात आज ज्यांचं विमान रद्द झालं त्यांचा नंबर उद्या पहिला लागेलच असं नाही. उद्याची तिकिटंवाले आधी, उरलेल्या जागांवर आपण. पत्रकात हे मी ठळक छापते. लोक ते पान सोडून फोटो बघतात.

दुपारी शेवटचा राखीव दिवसही गेला. काकांची रजा मोजूनमापून. "वाटेतला नामचेचा जादा मुक्काम कापा ना!" आमच्या मालकांनाही तेच सोपं वाटत होतं, त्यांना परताव्याचा आकडा दिसत होता.

नामचे ३,४४० मीटरवर, नागपूर जेमतेम ३१०. रामटेकच्या पायऱ्या चढून दम वाढतो, विरळ हवेची सवय होत नाही. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची दिवसाला ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, आणि मधे एक रात्र जादा काढावी. दिवसा वर चढायचं, झोपायला परत खाली यायचं. ते मी कापलं नाही. बेस कॅम्प कापला. नामचेच्या पुढच्या तेंगबोचेपर्यंत जायचं, आकाश मोकळं असलं तर एव्हरेस्ट तिथूनही दिसतं, आणि परत.

संध्याकाळी काकू ऑफिसात आल्या. "ताई, हिवाळ्यापासून रोज फुटाळा तलावाला चकरा मारल्या त्यांनी. अर्ध्यातून परत आणता?" मी नकाशा उघडला. त्यांनी त्याकडे पाहिलंही नाही.

परवा काका विम्याचे कागद न्यायला आले. "नामचेत माझं डोकंसुद्धा दुखलं नाही, मॅडम. म्हणजे जमलं असतं."

थांबल्यामुळे दुखलं नाही, की दुखणारच नव्हतं? पुरावा त्यांच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही.