तुम्ही विचारलंत म्हणून: घरी कुठला स्ट्रीट फायटर?

मी मालवणात राहतो आणि जुने जॉयस्टिक दुरुस्त करतो. त्यामुळे एक प्रश्न ठरलेला: "स्ट्रीट फायटर टू हा मारामारीचा व्हिडिओ गेम घरी खेळायचाय, अगदी गेम पार्लरसारखा, तर कुठल्या मशीनवरचा घेऊ?" गणपतीत चाकरमानी आले की हमखास. मी रंग-आवाजाचं काहीतरी सांगेन असं त्यांना वाटतं. मी उलट विचारतो, हातात धरायच्या पॅडवर बटणं किती?

या गेमचा जीव बटणांत आहे. 1987 च्या पहिल्या स्ट्रीट फायटरच्या काही मशीनवर दोन मोठ्या गाद्या असत. जितक्या जोरात बुक्की हाणाल तितका फटका मोठा. कल्पना झकास, हाताचे मात्र हाल. मग सहा बटणं आली: तीन ठोशांची, तीन लाथांची, हलकं-मध्यम-जोराचं. गेम बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीचा 1991 चा दुसरा भाग त्याच सहांवर उभा आहे. हलका ठोसा झटकन लागतो. जोराचा हुकला की तुम्ही समोरच्याच्या तावडीत.

आता घरचं. टीव्हीला जोडायच्या सुपर निन्टेन्डो मशीनवर तो 1992 ला आला, 16 मेगाबिटच्या काडतुसात (गेमच्या कॅसेटमध्ये), म्हणजे जेमतेम 2 मेगाबाइट. काटछाट झालीच, पिंपं फोडायच्या बोनसच्या जागी विटा आल्या. पण पॅडवर सहा बटणं होती, त्यामुळे खेळ शाबूत राहिला. सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह मशीनचं 1993 चं काडतूस 24 मेगाबिटचं, पण जुना पॅड तीन बटणांचा. ठोशांवरून लाथांवर जायला ऐन मारामारीत स्टार्ट दाबायचं! सेगाचा सहा बटणांचा पॅड मिळत असेल तरच हे काडतूस घ्या. आणि आपल्याकडे घरोघरी होता त्या आठ-बिट टीव्ही गेमवरचा? त्या मशीनसाठी कॅपकॉमने स्ट्रीट फायटर टू कधी काढलाच नव्हता. ती सगळी नक्कल, दोन बटणांत कोंबलेली. मजा यायची, नाही म्हणत नाही.

म्हणून माझं मत सुपर निन्टेन्डो.

पार्लरचंच मशीन हवं असेल तर मात्र इथली खारी हवा धरून चाला. गेममधल्या रियू या लढवय्याचा हातातून सुटणारा बॉल मारायला दांडा खाली, मग तिरपा, मग पुढे, आणि ठोसा. दांड्याखाली चार स्विच असतात. तिरप्यासाठी वेगळा नसतो, खालचा आणि पुढचा एकदम लागावे लागतात. त्यातल्या एकाची पत्ती गंजली की तिरपं लागतच नाही. रियू नुसता खाली बसतो नाहीतर नुसता पुढे चालतो, आणि साधा ठोसा मारतो. पोरगं ओरडतं, "रे, बॉल सुटना नाय!" आणि बटणावर दणादण बुक्क्या घालतं. बटणाचा काही दोष नसतो. खालचा पत्रा काढा, पत्ती साफ करा, नाहीतर स्विच बदला. पावसाळ्यात मशीन बंद ठेवलं असेल तर गणपतीआधी हे करूनच घ्या; चतुर्थीच्या दिवशी मला फोन करून उपयोग नाही.