विश्वास कमी पडतोय म्हणे

बुधवार, रात्री उशिरा

"बाबांचं काय नाही गे, तुझाच विश्वास कमी पडतोय." मावशी चपला घालता घालता बोलून गेली. बाबा पक्षाघाताने अंथरुणात, इतक्या प्रार्थना करूनही उठत नाहीत, ते माझ्यामुळे म्हणे. वर, छत्री आहे काय जास्तीची, म्हणून विचारलंही. तिला झोप लागली असेल एव्हाना.

कमी म्हणजे किती कमी? पहाटे उठून बाबांचं अंग पुसते, कूस बदलते, पेज भरवते, फिजिओवाल्याने दाखवला तसा हात वर-खाली करते, मग ऑफिस. धाकटा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर प्रार्थना करतो, त्याचा विश्वास भरपूर. त्याचं जाऊ दे. माझाच तेवढा मोजायला बेळगावच्या कॅम्पातून, टिळकवाडीतून, खानापुराहूनसुद्धा माणसं येतात आणि चहा पिऊन जातात.

रागारागाने शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं तर मार्कच्या शुभवर्तमानाचा अध्याय 2, नेमका पक्षाघाती. कफर्णहूमला चौघे त्याला बाजेवर घालून आणतात, गर्दीत वाट मिळेना म्हणून छप्परच उसकटतात. आणि येशू विश्वास बघतो तो 'त्यांचा'. बाजेवरचा तर एक शब्द बोलत नाही. म्हणजे मावशीचं खरंच की. बाज उचलणारी मी. माझ्याच बाजूने बाज कलत असणार. रडू आलं. स्वतःचीच कीव करायची तर रात्र बरी, कोण बघत नाही.

मग मार्क 9 काढलं. झटके येणाऱ्या मुलाचा बाप. तो म्हणतो विश्वास आहे, आणि त्याच दमात अविश्वासासाठी मदत मागतो. येशू त्याला टोकतो खरा, पण आधी विश्वास पुरता करून ये, असं म्हणून परत पाठवत नाही. पोरगं बरं होतं. हीच हकिगत मत्तय 17 मध्ये आहे. तिथे शिष्य एकांतात विचारतात, आम्हाला का जमलं नाही? तर अल्पविश्वासाचा ठपका त्यांच्यावरच! मोहरीच्या दाण्याचं बोलणंही तिथलंच. म्हणजे बोल लागला तो घरच्या माणसाला नाही, बरं करायला गेलेल्यांना. अंधारात एकटीच हसले. बाबा जागे झाले वाटतं.

इब्री लोकांस पत्राचा अध्याय 11, विश्वास धरणाऱ्यांची ती यादी, तीसुद्धा वाचली, शेवटपर्यंत. साक्ष देताना लोक सिंहांची तोंडं बंद केली, तिथवर येऊन थांबतात. पुढे दगडमार आहे, करवतीने चिरणं आहे, आणि 39व्या वचनात या सगळ्यांच्या विश्वासाची वाखाणणी असूनही, वचन दिलेलं हाती आलं नाही, असं सरळ लिहिलंय. आणि तो त्रफिम, प्रेषित पौलाचा सोबती. इफिस शहरात पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन ठेवले तरी दुखणी जायची. तोच पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहितो, त्रफिमाला मिलेत शहरात आजारी सोडून आलो. का, ते काही लिहिलेलं नाही. विश्वास कुणाचा कमी पडला हे सांगायला मिलेतात कुणाची मावशी नसावी.

डॉक्टर काल जे म्हणाले ते अजून धाकट्याला सांगितलेलं नाही. असो.

मावशीला हे सगळं बोट ठेवून दाखवीन म्हणते. दाखवणार नाही. शनिवारी बाबांना न्हाऊ घालताना दुसऱ्या बाजूने तीच धरते, आणि फिजिओवाल्याने दांडी मारली की त्याच्याशी कन्नडातून भांडायलाही तीच लागते. माझं कन्नड भाजी घेण्यापुरतं.